आमच्या चटणीचं नाव दुबईत दुसऱ्याच्या नावावर, आता काय करावं?

चटणीबाई

नमस्कार मंडळी. गेली बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय. लिहायची वेळ आली ती अशी.

आमचं कांदा-लसूण मसाल्याचं काम आहे. घर सांगलीत विश्रामबागला, कुपवाडला छोटा गाळा. कृती सासूबाईंची. घरात आम्ही त्याला चटणीच म्हणतो, पण पुण्याच्या पुढे चटणी म्हटलं की लोकांना पुदिना आठवतो, म्हणून पाकिटावर 'मसाला'. ब्याडगी आणि संकेश्वरी, धने, तीळ, खोबरं, दगडफूल सगळं वेगवेगळं भाजायचं आणि डंकावर कांडून घ्यायचं. २०१९ ला ट्रेडमार्क घेतला, वर्ग ३०, म्हणजे मसाले येतात तो. लेबलवर देवनागरीत नाव आणि उखळ-मुसळाचं चित्र. चित्र माझ्या नणंदेनं काढलंय.

तीन वर्षांपासून दुबईला माल जात होता. वितरक आपल्याच भागातला, ओळखीतून आलेला. पैसे वेळेवर. करार केला नाही, घरचाच माणूस म्हणून. मागच्या वर्षी म्हणाला, "वहिनी, इकडं खसखस चालत नाही, सापडली तर थेट आत. मला सगळी कृती प्रमाणासकट पाठवा, मी तपासून घेतो." तिकडच्या मालात आम्ही खसखस पहिल्यापासूनच घालत नाही आणि ते त्याला माहीत होतं. तरी मी पाठवली. किती किलोला किती, काय आधी भाजायचं, कांदा किती वाळवायचा, सगळं टाइप करून.

मग ऑर्डर थांबली. दोन महिने म्हणे बाजार थंड आहे. परवा भाच्यानं शारजाच्या दुकानातून फोटो पाठवला. नाव आमचंच, ठळक इंग्रजी अक्षरात. उखळ आमचंच, फक्त मुसळ उजवीकडचं डावीकडं केलंय. मागे पॅक केल्याचा पत्ता तिथला. फोन केला तर म्हणतो, "वहिनी, नाव मी माझ्या नावानं टाकलंय, तुमच्याच भल्यासाठी. दुसऱ्या कुणी घेतलं असतं म्हणजे?"

आमच्या पाकिटावर गोलातला आर आहे, ट्रेडमार्क नोंदवल्याची खूण. मला वाटायचं तो जगभर चालतो. आता काय करता येईल? आणि लंडनहून एका दुकानदाराची विचारणा आलीय, तिथं हेच होऊ नये म्हणून आधी काय करायचं? नावं मुद्दाम देत नाही.

कृष्णाकाठ

काय सांगता ताई! मुसळ डावीकडं केलं म्हणजे चोरीत पण कष्ट घेतले म्हणायचे.

बेदाणा_एक_नंबर

वाचून वाईट वाटलं. पण एक विचारतो, रागावू नका. एवढ्या भानगडीत पडायचंच कशाला? आम्ही तासगावहून बेदाणा बाहेर देतो, पंधरा किलोचा साधा बॉक्स. पुढं घेणारा स्वतःच्या पाकिटात भरून स्वतःचं नाव लावतो. नावच नाही तर चोरणार काय? माल चांगला असला की गिऱ्हाईक येतंच.

चटणीबाई

दादा, तुमचा बेदाणा लांबी-रंगावर विकतो. सौद्यात ताटात ओतला की दिसतो. आमचं लाल तिखट सगळ्यांचं लालच. गिऱ्हाईक नावावरच येतं.

अर्जफाटे

मी ट्रेडमार्कची कामं करायचो, आता साताऱ्यात स्वस्थ बसलोय. ताई, सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगा. त्याचा अर्ज नुसता दाखल झालाय, का प्रसिद्ध झालाय, का नोंद होऊन गेलीय? बाकी सगळं त्यावर आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट उघडता येतो, तिथं नावाची सगळी स्पेलिंगं टाकून बघा. अमिरातीचं अर्थ मंत्रालय अर्ज प्रसिद्ध करतं, त्यानंतर हरकतीला फक्त ३० दिवस. आपल्याकडं ट्रेडमार्क जर्नलमध्ये आल्यावर चार महिने मिळतात, त्या हिशोबानं निवांत राहू नका.

आता तो गोलातला आर. ट्रेडमार्कचा हक्क सातबाऱ्यासारखा असतो, त्या-त्या गावच्या दप्तरात. तुमची नोंद भारतातली, तिचा जोर भारतात. अमिरातीत पहिला अर्ज कोणाचा याला फार वजन आहे. त्याचं "तुमच्या भल्यासाठी" म्हणजे तुमच्या जमिनीची आपल्या नावानं मोजणी करून घेण्यासारखं आहे.

पण हात टेकू नका. औद्योगिक संपदेच्या पॅरिस करारात नेमकं याच रोगावर कलम आहे, ६-सेप्टीस. मालकाच्या एजंटानं किंवा प्रतिनिधीनं परवानगीशिवाय मालकाचं चिन्ह आपल्या नावानं टाकलं, तर मालकाला हरकत घेता येते, नोंद रद्द करून मागता येते, ती आपल्या नावावर करूनही मागता येते. भारत आणि अमिरात दोघंही त्या करारात आहेत. एकच अट, तो तुमचा एजंट होता हे दिसलं पाहिजे. करार नाही म्हणता, मग काय आहे?

चटणीबाई

इन्व्हॉइस सगळे आहेत, प्रत्येकावर ब्रँडचं नाव. शिपिंग बिलं आहेत. लेबलची फाइल मीच मेल केलेली. आणि व्हॉट्सअॅपवर त्याचे मेसेज, "वहिनी तुमच्या ब्रँडला इकडं लई मागणी आहे". 'तुमच्या ब्रँडला' असं त्यानंच लिहिलंय. त्याला दिवाळीला शंकरपाळ्या पाठवल्या होत्या, त्याची पावती तेवढी नाही.

अर्जफाटे

'तुमच्या ब्रँडला'! तो मेसेज जपा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका, त्याची प्रत बाहेर काढून ठेवा.

कुपवाडचा_फिटर

ताईंचा विषय नावाचा आहे, माझा यंत्राचा. पण चूक एकाच जातीची म्हणून सांगतो.

बेदाण्याचे देठ काढायचं मशीन आम्ही बनवलं. आत दोन रबरी रोलर वेगवेगळ्या वेगानं फिरतात, देठ धरला जातो, दाणा फुटत नाही. दोन वर्षं गेली त्यात. शेतकी प्रदर्शनात मांडलं. गर्दी बघून छाती अशी फुगली की उघडं करून आतलं पण दाखवलं. पोरानं व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला, रोलरचा क्लोजअप घेऊन, वर गाणं लावून. आठ महिन्यांनी बाहेरच्या देशातला एकजण म्हणाला, पेटंट आहे का, असलं तर एजन्सी घेतो. पळत वकिलाकडं गेलो. त्यांनी तोच व्हिडिओ मला लावून दाखवला. म्हणाले, तुम्ही जगाला सांगून टाकलंत, आता नवीन काय राहिलं? स्वतःच दाखवलेलं स्वतःच्याच विरोधात जातं.

अर्जफाटे

बरोबर. आपल्या कायद्यात सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं तर वर्षभराची सवड आहे, पण कुठल्याही मेळाव्याला ती लागू नाही. युरोपात तर जवळजवळ नाहीच. आधी अर्ज, मग मंडप.

अजून एक, जे इंजिनिअर लोक हमखास चुकतात. भारतात राहून शोध लावला असेल तर पहिला अर्ज थेट परदेशात करता येत नाही. आधी इथं करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर पेटंट कार्यालयाची परवानगी काढायची. कलम ३९. मोडलं तर गुन्हा आहे. इथल्या अर्जानंतर १२ महिन्यांत बाहेर जायचं, तेव्हा तुमची तारीख पहिलीच धरतात. पीसीटी म्हणजे पेटंट सहकार्य कराराच्या वाटेनं गेलात तर देश निवडायला पहिल्या तारखेपासून साधारण ३० महिने मिळतात. गिऱ्हाईक कुठल्या देशात आहे ते कळेपर्यंत वेळ मिळतो, हा त्याचा खरा फायदा. ट्रेडमार्क आणि डिझाइनला मात्र ही सवड १२ नाही, ६ महिन्यांची.

कृष्णाकाठ

मग फिटरदादा, मशीनचं काय केलं?

कुपवाडचा_फिटर

सांगाडा कोणीही बनवतो आता, बनवू देत. रोलरच्या रबराचं मिश्रण व्हिडिओत दिसत नाही. ते आम्ही तिघांनाच माहीत आहे, घटक दोन ठिकाणांहून घेतो आणि इथंच मिसळतो. नक्कल केलेल्या मशीनला पण रोलर आमच्याकडून न्यायला लागलेत. पेटंट घेतलं असतं तर सगळं लिहून उघड करायला लागलं असतं, आणि वीस वर्षांनी ते कोणालाही मोकळं. अंगूर आंबट म्हणायचं तर म्हणा.

बेदाणा_एक_नंबर

आमचंच द्राक्ष आंबट म्हणता होय.

चटणीबाई

फिटरदादांनी गुपित ठेवलं आणि मी टाइप करून पाठवलं. सासूबाईंना अजून हे सांगितलेलं नाही.

दुबईकर_मूळचा_मिरजेचा

ताई, मी इथं दुबईत असतो. शुक्रवारी दोन दुकानं फिरून आलो. दोन्हीकडं ते पाकीट आहे. एक घेऊन घरी आमटी केली. तुमच्या चटणीची सर नाही, खोबरं करपवलंय आणि लसूण पावडरीचा वास येतो. कृती दिली असेल, हात दिलेला नाही तुम्ही. बिल जपून ठेवलंय, पाकिटाचे चारी बाजूंचे फोटो तारखेसकट पाठवतो.

अर्जफाटे

दुबईकर, उत्तम काम. हे असे पुरावे लागतात.

कृतीबद्दल बोलतो. आपल्याकडं व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा नाही, सगळी भिस्त करारावर. गुपित राखायचा करार न करता कागद दिलात तर नंतर "ते गुपित होतं" म्हणणं अवघड जातं. लंडनवाला पण विचारेल. त्याला काय द्यायचं तेवढं नीट समजून घ्या. तिकडच्या लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं येतात, आणि नावातच ज्याचा उल्लेख आहे, म्हणजे तुमचा कांदा आणि लसूण, त्याचं प्रमाण टक्क्यात द्यावं लागण्याची शक्यता असते. तीळ आहेत, ते अॅलर्जीच्या यादीत येतात, ठळक दाखवायचे. एवढं द्या. मिरच्या कुठल्या दोन, कशात किती भाजल्या, आधी काय, हे लेबल मागत नाही. कोणी 'नियमासाठी लागतं' म्हणाला तर नियम कुठला ते लिहून मागा.

तंबोरा_गल्ली

मिरजेहून. आमच्या घरात चार पिढ्या सतार-तंबोऱ्याचं काम. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे माल त्या गावचा असल्याची सरकारी नोंद) मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले. मला वाटलं, झालं, आता बाहेर कोणी मिरजेच्या नावानं भलतंच विकणार नाही.

सहा महिन्यांत परदेशी विद्यार्थी दारात. "मिरज सतार आहे, ऑनलाइन घेतली, जवारी (तारेचा झंकार) नीट नाही." घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, काढून बघितली, हाडाच्या जागी प्लास्टिक. लाकूड तुणाचं नाही. तबलीच्या आतल्या बाजूला आम्ही पेन्सिलनं खूण करतो, ती तर नाहीच. मी त्याला जवारी लावून दिली, आवाज थोडा उघडला, पण मूळचंच लाकूड मुकं, काय करणार? पैसे घ्यायला मला लाज वाटली.

विचारलं तेव्हा कळलं, मानांकन चेन्नईच्या कार्यालयातलं, भारताच्या कायद्याखालचं. बाहेर ते आपोआप जात नाही.

अर्जफाटे

आपोआप नाहीच. युरोपात वेगळा अर्ज करावा लागतो. दार्जिलिंग चहानं केला आणि २०११ मध्ये त्यांच्या नोंदवहीत गेला. ते एकट्या कारागिराचं काम नाही, संस्थेनं करायचं.

पण एक तुमच्या हातात आहे. मानांकन संस्थेच्या नावावर असतं. वापरायचा हक्क कायद्यानं पक्का करायला प्रत्येक कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळं नोंदवायला लागतं. फॉर्म जीआय-३, फी दहा रुपये. दहाच, हजार नाही. झालंय का तुमचं?

तंबोरा_गल्ली

नाही. पेढ्याला जास्त गेले.

कृष्णाकाठ

यावरून आठवलं. सांगलीच्या हळदीला २०१८ ला मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याच्या आधी. आणि आपल्या हळदीची ती अमेरिकेतली लढाई! जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ ला मिसिसिपी विद्यापीठाला दिलं होतं, माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते १९९७ ला रद्द करून घेतलं. आजीचा बटवा जिंकला. ताई, तुम्ही पण जिंकणार.

अर्जफाटे

कृष्णाकाठ, अभिमान बरोबर, पण थोडी दुरुस्ती. आजी सांगायची म्हणून ते पेटंट गेलं नाही. आजी काय लावायची हे छापलेलं दाखवायला लागलं. संस्कृत ग्रंथातले उतारे आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेख, असे कागद समोर ठेवले तेव्हा ते नमले. आणि ते पेटंट होतं, ताईंचं प्रकरण नावाचं. इथं हळदीचा उपयोग नाही, शिपिंग बिलाचा आहे.

कोल्हापुरी चपलेचंही तेच. २०१९ चं मानांकन, आठ जिल्ह्यांचं, त्यात आपले सातारा-सांगली दोन्ही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या फॅशन कंपनीनं तसल्याच चपला रॅम्पवर आणल्या, आपल्याकडं केवढा गदारोळ झाला. उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली ती फेटाळली. कारण हेच की ज्यांच्या नावावर नोंद आहे त्यांनी यायला हवं, तिसऱ्यानं नाही.

चटणीबाई

सापडलं! डेटाबेसवर तीन स्पेलिंगं टाकल्यावर दिसलं. त्याचा अर्ज इंग्रजी अक्षरांचा आहे, आणि ११ दिवसांपूर्वी प्रसिद्ध झालाय. म्हणजे १९ दिवस राहिले.

पण आमची नोंद देवनागरीतली, चित्रासकट एकच लेबल. आता तो म्हणेल हे नाव वेगळं?

अर्जफाटे

म्हणेल. म्हणूनच नुसतं नाव, नुसतं चित्र, आणि गिऱ्हाईक वाचतो त्या लिपीतलं नाव, असं वेगळं वेगळं नोंदवायचं असतं. बास्केटबॉलवाल्या मायकेल जॉर्डनला चीनमध्ये हाच अनुभव आला. २०१६ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं चिनी लिपीतलं त्याचं नाव सोडवून दिलं, तोच उच्चार रोमन अक्षरात लिहिलेला मात्र सोडवून दिला नाही. पण तुमच्या इन्व्हॉइसवर इंग्रजी स्पेलिंग आहे ना? तीन वर्षांचं? मग ते दाखवा.

आज तिथला वकील नेमा. मुखत्यारपत्राला वेळ लागतो. नोटरी, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांची वकिलात, शिक्क्यावर शिक्का. १९ दिवसांतले निम्मे शिक्क्यातच जातील.

आणि दुसरं हत्यार, जे तुमच्या लक्षात आलं नाही. ते उखळाचं चित्र. चित्रावर कॉपीराइट असतो, त्याला देशोदेशी नोंद लागत नाही, बर्न करारातल्या सगळ्या देशांत तो चालतो, अमिरातीतही. मुसळाची बाजू बदलून सुटका होत नाही. फक्त, तो हक्क कोणाचा?

चटणीबाई

नणंदेनं काढलं म्हणजे आमचाच ना?

अर्जफाटे

नाही, नणंदेचाच. पगारी नोकर नसेल तर काढणाऱ्याचा. लेखी हस्तांतर करून घ्या. आणि त्यात दोन ओळी विसरू नका: मुदत आणि प्रदेश. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे, मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. 'संपूर्ण जग' असं लिहा. नाहीतर एवढी खटपट करून कागद वाघा सरहद्दीपर्यंतच चालायचा.

दुबईकर_मूळचा_मिरजेचा

नणंदेची सही म्हणजे अमिरातीच्या शिक्क्यापेक्षा अवघड काम.

चटणीबाई

हसू नका दादा, खरं आहे ते. मागच्या गणपतीपासून बोलणं बंद आहे.

कुपवाडचा_फिटर

लंडनचं पण सांगा अर्जफाटे साहेब, आम्हाला पण कामाला येईल.

अर्जफाटे

थोडक्यात सांगतो, टायपिंग करून बोटं दुखली. भारत ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय माद्रिद व्यवस्थेत ८ जुलै २०१३ पासून आहे. इथल्या अर्जाच्या पायावर एकाच अर्जात हवे ते सदस्य देश निवडता येतात. मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, रंगीत चिन्ह असेल तर ९०३, त्यावर प्रत्येक देशाची वेगळी. आपल्या कार्यालयाचे वरचे दोन हजार रुपये. ताई, आधी इथं इंग्रजी अक्षरातलं नुसतं नाव नव्यानं टाका, लघुउद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र असेल तर फी ९००० ऐवजी ४५००. नोंद होईपर्यंत थांबायची गरज नाही, अर्जाच्या जोरावर पण माद्रिदला जाता येतं. ब्रिटन वेगळं निवडा, युरोपीय संघाचं चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून तिथं चालत नाही. अजून खूप जण यात फसतात.

खोट एक आहे. पहिली पाच वर्षं सगळं इथल्या पायावर उभं असतं. इथला अर्ज पडला तर बाहेरचेही पडतात. म्हणून इथलं नाव नुसतं वर्णनात्मक नको. 'सातारी', 'झणझणीत', 'घरगुती' असली नावं घेऊन लोक येतात आणि मग रडतात.

आणि लंडनवाल्याशी करार. नाव आणि चित्र ताईंचं, तो कुठल्याही देशात, कुठल्याही लिपीत, डोमेनलासुद्धा अर्ज करणार नाही, व्यवहार संपला की उरलेली पाकिटं परत. माल जायच्या आधी. घरचा माणूस असला तर आधी दोनदा.

बेदाणा_एक_नंबर

ताई, मी वर जे बोललो ते थोडं मागं घेतो. काल धाकटा म्हणत होता, अर्ध्या किलोचं पाकीट आपल्या नावानं काढू. म्हटलं आधी हा धागा वाच.

चटणीबाई

सगळ्यांना कळवते. उशीर झाला, धावपळ होती.

हरकत दाखल झाली, चार दिवस शिल्लक असताना. दुबईकर दादांचं पाकीट आणि बिल पण लावलंय. त्याचा फोन आला होता, "वहिनी, एवढं कशाला, बसून मिटवू." वकील म्हणाले, बोला, पण लेखी. इंग्रजी नावाचा अर्ज इथं टाकला, ब्रिटनचं माद्रिदमधून या आठवड्यात जाईल. सूक्ष्म-लघु उद्योगांना ट्रेडमार्कच्या खर्चाचा काही परतावा मिळतो असं कळलंय, त्याची पण चौकशी लावलीय.

सासूबाईंना सांगितलं. त्या रागावतील वाटलं होतं. म्हणाल्या, "कागदावर दिलंस ना? मग काळजी करू नको, खोबरं कधी उतरवायचं ते मी तुलाच अजून नीट सांगितलेलं नाही."

नणंदेनं सही दिली. अट दोन. पाच किलो चटणी, खसखस घातलेली. आणि पाकिटावर उखळाच्या खाली बारीक अक्षरात तिचं नाव. अर्जफाटे काका, हे नाव छापलं तर नवीन लेबलचा परत अर्ज करावा लागेल का?

अर्जफाटे

चित्र आणि ब्रँडचं नाव तेच असेल तर बारीक अक्षरांसाठी नाही. छापा. नंतर भांडण झालं तर मात्र मला विचारू नका.